एमआरई : आणीबाणीच्या साठ्यातील लष्करी तयार जेवण

एमआरई म्हणजे ‘मील, रेडी टू ईट’. अमेरिकी सैन्यासाठी तयार झालेले, एका माणसाच्या एका वेळचे बंद पाकिटातील जेवण. डबाबंद शिध्याच्या जागी हे पाकीट आणायचे १९७५ मध्ये ठरले, १९८१ मध्ये पहिला पुरवठा झाला आणि १९८६ पासून ते नेहमीच्या वापरात आले. पूर, चक्रीवादळ, भूकंप अशा प्रसंगांसाठी घरात अन्न ठेवणारे लोकही ते विकत घेतात. २००५ च्या कतरिना चक्रीवादळानंतर अमेरिकी सरकारने अशी पाकिटे आपद्‌ग्रस्तांना मोठ्या प्रमाणावर वाटली होती.

पाकिटाचा जीव रिटॉर्ट पाउचमध्ये आहे. पॉलिएस्टर, ॲल्युमिनियमचा पत्रा आणि आतून पॉलिप्रॉपिलीन अशा थरांच्या या पिशवीत अन्न भरून ती सील करतात आणि दाबाखाली साधारण १२१ अंश सेल्सिअसच्या आसपास तापवतात. त्यामुळे क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनमसारख्या जंतूंचे बीजाणूही मरतात. म्हणून फ्रीज लागत नाही. मुख्य पदार्थासोबत बिस्किटे किंवा पाव, त्यावर लावायला चीज, जॅम किंवा शेंगदाण्याचे लोणी, काही गोड, पेयाची पूड, चमचा, काडेपेटी, मीठ-साखर, ओला रुमाल आणि पाणी घातले की तापणारा हीटर असतो. पावाच्या पुडीत प्राणवायू शोषणारी लोहचूर्णाची छोटी थैली असते, ती खायची नसते. एका पाकिटातून सरासरी १,२५० किलोकॅलरी मिळतात. एकूण २४ मेनू असतात : १ ते १२ एका खोक्यात, १३ ते २४ दुसऱ्यात. शाकाहारी मेनू बहुधा ११ ते १४ क्रमांकांचे, म्हणजे प्रत्येक खोक्यात दोनच. बाकीची दहा पाकिटे मांसाहारी निघणार हे शाकाहारी घराने आधीच धरून चालावे. आपल्याकडच्या अर्थाने शाकाहारी हवे असेल तर अंडे आणि जिलेटिनसाठी घटकांची यादीही वाचावी.

खरेदीत फसगत होते ती तारखेवरून. खाण्याच्या पुड्यांवर चार आकडी संकेत असतो : पहिला आकडा वर्षाचा शेवटचा अंक, पुढचे तीन वर्षातला कितवा दिवस ते. ३१६३ म्हणजे १२ जून २०२३. पण तो १२ जून २०१३ सुद्धा असू शकतो, म्हणून खोक्यावरची छपाई आणि मेनूचे वर्ष जुळवून पाहावे लागते. खोक्यावर असते ती तपासणीची तारीख, आणि ती सहसा उत्पादनानंतर तीन वर्षांची असते. तिला ‘एक्स्पायरी’ समजू नये. सैनिकी पाकिटांवर ‘व्यापारी पुनर्विक्री बेकायदेशीर’ असा इशारा छापलेला असतो, तरी ती लिलावाच्या संकेतस्थळांवर येतात. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने २००६ मध्ये याची चौकशीही केली होती. असा माल कोणत्या गोदामात, किती उन्हात पडून होता हे विक्रेता सांगू शकत नाही. त्यापेक्षा त्याच उत्पादकांच्या नागरी आवृत्त्या घ्याव्यात. त्यांत पदार्थ थोडे कमी असतात आणि कधी हीटर वेगळा घ्यावा लागतो, पण तारीख स्पष्ट असते.

कारण तारखेपेक्षा उष्णता महत्त्वाची. लष्कराची अट २७ अंश सेल्सिअसला किमान तीन वर्षांची आहे, ३८ अंशांना मात्र फक्त सहा महिन्यांची. खोक्यावर काळ-तापमान दर्शक चिकटवलेला असतो. आतला गोल बाहेरच्या कड्यापेक्षा फिका असेल तर माल ठीक, कड्याइतका किंवा जास्त गडद झाला तर आयुष्य संपत आले. हा दर्शक खोक्यावर असतो, पाकिटावर नाही. सुटी पाकिटे घेणाऱ्याच्या हाती हा पुरावा लागत नाही, आणि स्वस्त सुट्या मालाची खरी किंमत हीच. उन्हाने आधी चव, रंग आणि जीवनसत्त्वे जातात, चरबी खवट होते. अतिथंडीत वारंवार गोठून वितळल्यास पाउचचे सांधे उसवू शकतात.

महाराष्ट्रातल्या घरात यावरून पेच पडतो. नागपूर-चंद्रपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि पत्र्याखालचा माळा त्याहून तापतो, तेव्हा माळ्यावर साठा ठेवणे म्हणजे तो स्वतःच संपवणे. दुसरीकडे, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळूणला पुराचे पाणी घरांत शिरले, तिथे तळमजल्यावरचे धान्यच आधी गेले. मधला मार्ग एकच : पश्चिमेचे ऊन न लागणारी आतली खोली, शक्यतो वरचा मजला, छतापासून दूर, पण पुराच्या ज्ञात पातळीच्या वरचे फळकुट. उंदीर पाउच कुरतडतात म्हणून खोका पत्र्याच्या पेटीत किंवा जाड झाकणाच्या डब्यात ठेवावा.

सैनिक दिवसाला तीन पाकिटे खातो. घरात बसलेल्या प्रौढाला दोन पुरतात. चार माणसांच्या ७२ तासांसाठी २४ पाकिटे, म्हणजे दोन खोके. वजन साधारण २० किलो. पाणी माणशी दिवसाला तीन ते चार लिटर वेगळे. ते कमी पडले तर हे जेवण त्रास देते : मीठ भरपूर, तंतू कमी, त्यामुळे बद्धकोष्ठ होतो. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी डॉक्टरांना विचारून साठवावे. लष्करातही एकट्या एमआरईवर २१ दिवसांपेक्षा जास्त राहू नये असा दंडक आहे.

अन्न पूर्ण शिजलेले असते, थंडही खाता येते. चरबी थिजल्याने चव मात्र बरी लागत नाही. हीटरच्या पिशवीत लोहमिश्रित मॅग्नेशियमची चकती असते. मुख्य पदार्थाचा न उघडलेला पाउच आत सरकवावा, खुणेच्या रेषेपर्यंत (सुमारे ३० मिलिलिटर) पाणी घालावे, तोंड दुमडून पिशवी पुठ्ठ्याच्या खोळीत घालून तिरपी टेकवावी. साधारण बारा मिनिटांत सव्वादोनशे ग्रॅम पदार्थ सुमारे ५५ अंशांनी तापतो. पाणी गढूळ चालते, कारण ते अन्नाला लागत नाही. फक्त उघडण्याआधी पाउच पुसावा. पाणी जास्त घातले तर तेच तापवण्यात उष्णता खर्ची पडते. या क्रियेत हायड्रोजन निघतो, म्हणून जवळ मेणबत्ती, स्टोव्ह, सिगारेट नको, आणि बंद गाडीत किंवा हवा नसलेल्या खोलीत मुळीच नको. हीटर नसल्यास पाउच उकळत्या पाण्यात पाच-दहा मिनिटे सोडावा. धातूचा थर असल्याने मायक्रोवेव्ह वर्ज्य. पाउच आडव्या, लांब बाजूने फाडला की चमचा तळापर्यंत जातो आणि हात बरबटत नाहीत.

फुगलेला, गळणारा, थर सुटलेला किंवा उघडताच फस्‌कन वायू सोडणारा पाउच चाखूनही पाहू नये. बॉट्युलिनमचे विष वासावरून कळत नाही.

भारतात हीटरचा हट्ट सोडला तर याच तंत्राचे पर्याय दुकानात मिळतात. मैसूरच्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सैन्यासाठी असे पदार्थ विकसित केले, आणि पुण्याची टेस्टी बाइट ही कंपनी रिटॉर्ट पाउचमधले भारतीय पदार्थ अमेरिकेच्या बाजारात विकते. यांची मुदत बहुधा १२ ते १८ महिने. डाळ-भाजीच्या ३०० ग्रॅमच्या पाउचमधून तीन-चारशे किलोकॅलरीच मिळतात, तेव्हा जोडीला चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खाकरे, भाजके दाणे लागतात. दर सहा महिन्यांनी जुने काढून रोजच्या जेवणात संपवावे, नवे मागे लावावे. संकटाच्या दिवशी पहिल्यांदाच पाकीट फोडणाऱ्या घरात मुले हमखास नाक मुरडतात.

न वापरलेले हीटर कचऱ्यात टाकू नयेत. डब्यात पाणी लागले तर तिथेच तापतात आणि हायड्रोजन सोडतात. उघड्यावर, एका वेळी एक, पाणी घालून विझू द्यावा आणि गार झालेली चकती मग कचऱ्यात टाकावी.