एकट्या अणूला बंध नसतो, मग पाण्यातला पारा लेझरने पकडतात कसा?

पिण्याच्या पाण्यात शिसं किती चालतं तर आपल्या बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) स्टँडर्डप्रमाणे लिटरला 0.01 मिलिग्रॅम, आणि पाऱ्याला त्याच्याही दहा पट कडक मर्यादा. एवढंसं मोजायला लॅबमध्ये आयसीपी-एमएस मशीन असतं (नमुन्याचे आयन करून त्यांच्या वस्तुमानावरून धातू ओळखणारं), एकदम अचूक, पण महाग, आर्गॉन गॅस सतत लागतो आणि ते उचलून विहिरीवर नेता येत नाही. म्हणून बरेच संशोधक सर्स (SERS, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाने रामन सिग्नल वाढवणं) नावाच्या लेझर टेक्निकच्या मागे लागलेत.

सर्सचं मूळ रामन परिणामात. प्रकाश रेणूवर पडून विखुरतो तेव्हा अगदी थोड्या फोटॉनचा रंग बदलतो, आणि तो किती बदलतो ते रेणूतले बंध कसे थरथरतात त्यावर ठरतं, त्यामुळे प्रत्येक रेणूचा स्पेक्ट्रम, म्हणजे या बदललेल्या रंगांचा आलेख, वेगळा. गोची ही की असे फोटॉन कोटीत एखादा. 1974 मध्ये इंग्लंडच्या साउदम्प्टन विद्यापीठात फ्लाइशमन, हेंड्रा आणि मॅक्विलन यांनी मुद्दाम खरखरीत केलेल्या चांदीच्या इलेक्ट्रोडवर पिरिडीन या छोट्या सेंद्रिय रेणूचा रामन सिग्नल घेतला तर तो चांगलाच दणकट आला. त्यांना वाटलं, पृष्ठभाग वाढला म्हणून रेणू जास्त चिकटले असतील. पण 1977 मध्ये दोन वेगळ्या ग्रुपनी हिशोब मांडला तर वाढ लाखपटीच्या घरात निघाली, नुसत्या क्षेत्रफळाने हे शक्यच नाही. चांदी-सोन्याच्या पृष्ठभागावरचे इलेक्ट्रॉन प्रकाशाबरोबर डोलतात आणि दोन नॅनोकणांमधल्या (चांदी-सोन्याचे अतिसूक्ष्म कण) बारीकशा फटीत, जिला हॉटस्पॉट म्हणतात, प्रकाशाची तीव्रता प्रचंड वाढते.

आता खरी मजा. रामनला दिसतात बंध, आणि पाऱ्याचा किंवा शिशाचा आयन म्हणजे सुटा अणू, मग थरथरणार काय? कितीही भारी लेझर मारा, त्याचा स्वतःचा स्पेक्ट्रम मिळतच नाही! म्हणून इथे खबऱ्या ठेवतात, म्हणजे नॅनोकणावर असा रेणू बसवायचा की जो तो धातू आला की त्याला धरतो आणि मग खबऱ्याचाच स्पेक्ट्रम बदलतो. पाऱ्यासाठी तर डीएनए वापरतात, कारण पाऱ्याचा आयन डीएनएमधल्या थायमिन नावाच्या दोन 'अक्षरांच्या' मध्ये घट्ट बसतो, त्यामुळे डीएनएचा धागा दुमडतो आणि त्याच्या टोकाला लावलेला रंगरेणू चांदीच्या जवळ येतो किंवा लांब जातो, तसा सिग्नल वरखाली होतो. मला ही आयडिया जाम आवडते.

आर्सेनिकचं मात्र सोपं आहे, ते पाण्यात ऑक्सिजनला जोडलेलं असतं, म्हणजे बंध आहेच, थेट दिसतं. बंगाल आणि बांगलादेशातल्या ट्यूबवेलच्या पाण्यासाठी हे फार कामाचं.

अडचणी आहेतच. खऱ्या पाण्यातल्या क्षारांमुळे नॅनोकणांच्या गुठळ्या होतात, भलताच धातू खबऱ्याला चिकटतो, आणि हॉटस्पॉट सगळीकडे सारखे नसल्याने नॅनोकण बसवलेल्या एकाच चिपवर दोन जागी दोन आकडे येतात. म्हणून इतका कमी धातूही पकडला असा कुणी भन्नाट आकडा छापला की मी आधी बघतो, टेस्ट डिस्टिल्ड वॉटरमध्ये केलीय की नळाच्या पाण्यात. जागोजागी आकडे बदलतात त्यावर उपाय म्हणून बरेच जण धातूशी काही देणंघेणं नसलेला दुसरा रेणू सोबत बसवतात आणि दोघांच्या सिग्नलचं गुणोत्तर घेतात, त्याने आकडे बऱ्यापैकी स्थिर येतात.