आग्या मोहोळाचे विष आणि मेदाचे पटल

मेळघाटात तेंदूपाने तोडताना आग्या मोहोळ उठले, तर पळण्याशिवाय माणसाच्या हाती काही उरत नाही. माशी उडून जाते, पण काटा विषाच्या पिशवीसकट कातडीत रुतून राहतो आणि त्या इवल्याशा पिशवीतले विष आत ढकलले जातच असते. म्हणून काटा कसा काढला यापेक्षा तो किती लवकर काढला याला महत्त्व आहे. मधमाशीच्या विषाच्या सुक्या वजनाचा जवळपास निम्मा भाग मेलिटिन या एकाच पेप्टाइडचा, म्हणजे अमिनो आम्लांच्या लहानशा साखळीचा, असतो. ते तांबड्या रक्तपेशी फोडते आणि जिवाणूंनाही मारते. या दोन्ही गोष्टी ते कशाच्या बळावर करते, हे समजण्यासाठी आधी पेशीपटलाची, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणाची, घडण उलगडावी लागली.

नेदरलँड्समधील गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी १९२५ साली तांबड्या पेशींतील मेद वेगळा करून पाण्यावर पसरला आणि पटल दोन थरांचे असल्याचे मांडले. त्यांच्या मोजणीतील दोन चुकांनी एकमेकींची भरपाई केली, तरी निष्कर्ष खरा निघाला. पुढे १९६२ मध्ये म्यूलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी असा द्विस्तर कृत्रिमरीत्या तयार केला. त्याच दशकात इंग्लंडमध्ये अ‍ॅलेक बँगहॅम यांनी दाखवले की फॉस्फोलिपिड हा पटलातला मेद पाण्यात भिजला की त्याच्या बंद पुटिका, म्हणजे लायपोसोम, आपोआप बनतात. जिवंत पेशीची गुंतागुंत टाळून विषाची एकेक क्रिया पाहण्याची सोय यातून झाली, आणि माझ्या मते या विषयाचा खरा आरंभ इथेच आहे.

प्रयोग साधा वाटतो, पण त्यातली युक्ती सुंदर आहे. पुटिकेत कॅल्सीन हा रंग इतका दाट भरतात की तो स्वतःचेच चमकणे दाबून टाकतो. पेप्टाइडने पटलाला भोक पाडले की रंग बाहेर येऊन विरळ होतो आणि द्रावण उजळू लागते. ते किती वेगाने उजळते, यावरून गळतीचे मोजमाप होते.

हाबरमान आणि येंट्श यांनी १९६७ मध्ये मेलिटिनमधील २६ अमिनो आम्लांचा क्रम लावला. आपल्या आग्या माशीच्या मेलिटिनचा क्रम क्राइल यांनी १९७५ मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा युरोपीय मधमाशीच्या तुलनेत त्यात फक्त तीन ठिकाणी फरक आढळला. या साखळीवर धन प्रभार असतो आणि पटलावर ती मळसूत्रासारखी वळते; तिची एक बाजू पाण्याकडे राहते, दुसरी मेदात शिरते. जिवाणूंच्या पटलात ऋण प्रभाराचे मेद भरपूर असतात, तर आपल्या पेशींच्या बाहेरच्या थरात मुख्यतः उदासीन मेद आणि कोलेस्टेरॉल असते. त्यामुळे संशोधक दोन्ही प्रकारच्या पुटिका बनवून तुलना करतात. पेप्टाइडे लाकडी पिंपाच्या फळ्यांसारखी उभी राहून छिद्र करतात, मेदालाही वाकवून त्या छिद्राच्या कडेत ओढतात, की सतरंजीसारखी पसरून पटल विस्कटतात, यावर १९९० च्या दशकात बराच वाद झाला. अर्थात जिवाणूची भित्तिका पुटिकेत नसते, हे विसरून काढलेला निष्कर्ष फसवा ठरू शकतो.

मेलिटिन माणसाची पेशीही सोडत नाही, ही ते जिवाणूनाशक म्हणून वापरण्यातली मोठी अडचण होती. १९८१ मध्ये बोमान यांच्या गटाने पतंग या कीटकातून सेक्रोपिन हे पेप्टाइड शोधले. ते जिवाणू मारते, पण तांबड्या पेशींना धक्का लावत नाही. मग १९८९ मध्ये बोमान आणि मेरिफील्ड यांनी सेक्रोपिनची पहिली १३ आणि मेलिटिनची पहिली १३ अमिनो आम्ले जोडून संकरित पेप्टाइड तयार केले. त्याची जिवाणूनाशक शक्ती टिकली आणि रक्तपेशी फोडण्याचा गुण निघून गेला.