गोळी आधी, शेक नंतर

दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गावोगावचे कॅन्सरचे रुग्ण येऊन राहतात. त्यांच्यात मेंदूतल्या ग्लिओब्लास्टोमा या गाठीचा रुग्ण असेल, तर त्याचा दिवस साधारण असा: सकाळी उपाशीपोटी टेमोझोलोमाइड या केमोच्या औषधाची कॅप्सूल, तासाभराने परळच्या टाटा रुग्णालयात शेक. रेडिएशनला आपल्याकडे सर्रास ‘शेक’च म्हणतात. चेहऱ्याच्या मापाचा जाळीदार मुखवटा घालून काही मिनिटं अजिबात न हलता पडून राहायचं. असे ३० शेक, सहा आठवडे. शनिवार-रविवारी शेकाला सुट्टी असते, कॅप्सूलला नसते.

सुट्टी का नाही, यातच या उपचाराचं मर्म आहे.

ग्लिओब्लास्टोमा ही मेंदूच्या अत्यंत आक्रमक गाठींपैकी एक. सर्जनने दिसणारी गाठ पूर्ण काढली, तरी तिच्या पेशी शेतातल्या हरळीसारख्या निरोगी मेंदूत आतवर पसरलेल्या असतात. त्यांच्यापर्यंत पोचणंही अवघड, कारण मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती बहुतेक औषधांना आत सोडत नाहीत. टेमोझोलोमाइडचा रेणू लहान असल्याने त्यातला काही भाग तरी पलीकडे जातो.

किरणं पेशीच्या डीएनएचे धागे तोडतात. औषधाची रीत वेगळी. ते डीएनएमधल्या ग्वानिन या ‘अक्षरा’वर मिथाइल हा अणूंचा चिमुकला गट चिकटवतं. पेशी विभागताना त्या जागी चुकीचं अक्षर बसतं. पेशी ते उपसते, पुन्हा चुकीचंच बसतं, आणि या खटाटोपात धागाच तुटतो.

पण गाठीकडे एमजीएमटी नावाचं प्रथिन असतं. ते मिथाइल उपटून स्वतःवर घेतं आणि तिथेच निकामी होतं. एका रेणूला एकच दुरुस्ती जमते! म्हणून रोज, सुट्टी न घेता, थोडं थोडं औषध द्यायचं, म्हणजे हा साठा झिजत जाईल. शेक आणि केमो एकत्र देण्यात नुसती बेरीज नाही, पेशीची दुरुस्तीची वाटच अडवायची असते, असं मला वाटतं.

२००५ साली ५७३ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. नुसत्या शेकाने निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले, औषधाची जोड मिळाल्यावर १४.६. अडीच महिनेच का, असं वाटेल. पण दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं होतं, आणि त्या घरांसाठी हा आकडा फार मोठा आहे. ज्यांच्या गाठीत एमजीएमटीचं जनुक मुळात बंद होतं, त्यांना सर्वांत जास्त फायदा झाला: १५.३ ऐवजी २१.७ महिने. म्हणून गाठीच्या तुकड्याची ही तपासणी झाली आहे का, हे नातेवाईकांनी डॉक्टरांना जरूर विचारावं.

मग नेमका वेध घेणारी, ‘टार्गेटेड’ औषधं? त्यांनी आतापर्यंत बरीच निराशा केली. गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या वाहिन्या रोखणारं बेव्हासिझुमॅब शेक-केमोला जोडून पाहिलं. २०१४ मध्ये दोन मोठ्या चाचण्या प्रसिद्ध झाल्या. गाठ काही महिने जास्त थांबली, आयुष्य मात्र वाढलं नाही. सूज उतरवायला ते आजही उपयोगी पडतं. ईजीएफआर हे वाढीचं बटण अनेक गाठींत अडकून पडलेलं असतं, पण ते बंद करणारी औषधंही फारशी चालली नाहीत. एकाच गाठीत शेजारशेजारच्या पेशींची बटणं वेगवेगळी असतात. एक बंद केलं, की दुसऱ्यावर काम चालू. लहान मुलांच्या काही संथ गाठींत मात्र बीआरएएफ जनुकातला बदल असतो, आणि तिथे डॅब्राफेनिब-ट्रॅमेटिनिबची जोडी खरोखर उपयोगी ठरली आहे.

पासष्टीच्या पुढच्या रुग्णांसाठी एक वेगळी वाट निघाली. ३० ऐवजी १५ शेक, सोबत हीच कॅप्सूल. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नुसत्या १५ शेकांना कॅप्सूलची जोड दिल्यावर अशा रुग्णांचं आयुष्य ७.६ वरून ९.३ महिन्यांवर गेलं. जळगावहून किंवा सिंधुदुर्गातून आलेल्या आजोबांना मुंबईत सहाऐवजी तीनच आठवडे खोली लागते, आणि उरलेले तीन आठवडे ते आपल्या घरी असतात.