सी हॅरियर: राफेल-एमच्या आधीचं पर्व

एप्रिल २०२५ मध्ये नौदलासाठी २६ राफेल-एम विमानांचा करार झाला. संभाजीनगर, लातूरकडे एनडीएची तयारी करणाऱ्या पोरांना राफेलचे आकडे तोंडपाठ असतात. त्याआधी नौदलाने ३० हून अधिक वर्षं ज्या विमानावर भागवलं, त्या सी हॅरियरबद्दल मात्र ‘उभं उडणारं विमान’ एवढंच ऐकलेलं असतं. तेही अर्धंच खरं.

पहिल्या विक्रांत या विमानवाहू जहाजावरची सी हॉक विमानं वाफेच्या कॅटापल्टने, म्हणजे विमान पुढे ढकलणाऱ्या यंत्राने, फेकली जात आणि परतताना डेकवरच्या तारेत अडकून थांबत. १९७१ मध्ये तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजारवर हल्ला चढवला तो त्यांनीच. पुढे त्यांची जागा ब्रिटिश सी हॅरियरने घेतली. पहिली विमानं डिसेंबर १९८३ मध्ये गोव्यात, दाबोळीला उतरली. ब्रिटन आणि अर्जेंटिनामधल्या फॉकलंडच्या युद्धातली कामगिरी बघून आपण ती घेतली असं हमखास सांगितलं जातं. पण ते युद्ध १९८२ चं, आपली मागणी १९७९ ची.

इंजिनाच्या चार तोंडांतून निघणारा झोत खाली वळवला की हे विमान हवेत स्थिर राहायचं आणि सरळ खाली उतरायचं. उडताना मात्र, शस्त्रं आणि इंधन भरलेलं असलं की, ते धावतच निघे. विराट या विमानवाहू जहाजाच्या टोकाला १२ अंशांचा चढ होता तो त्यासाठीच.

उतरतानाची गोम वेगळी. तेव्हा पंखांचा उपयोग नाही, सगळा भार इंजिनावर. परभणीचा मे महिना ज्याने काढलाय त्याला तापलेली हवा सांगायला नको. ती विरळ होते आणि इंजिनाचा जोर घटतो. मग न वापरलेली महागडी क्षेपणास्त्रं परत आणायची की समुद्रात टाकून हलकं व्हायचं? ब्रिटिशांनी २००६ मध्ये आपली सी हॅरियर निवृत्त केली, त्यामागे हे एक मोठं कारण होतं.

त्याच सुमारास त्यांची ८ पर्यंत विमानं घ्यावीत असा विचार आपल्याकडे झाला. ती सुधारित आवृत्ती होती, तिचं रडार चांगलं होतं, नजरेपलीकडे मारा करणारं अमेरिकी क्षेपणास्त्रही तिला चालायचं. पण विकताना रडार आणि त्या क्षेपणास्त्राची सोय काढून देणार, असं कळलं. बैल विकायचा आणि शिंगं ठेवून घ्यायची, असला हा सौदा. आपण नकार दिला आणि हातातल्याच विमानांवर इस्रायली रडार, डर्बी क्षेपणास्त्र बसवलं.

या नकारावर अजून टीका होते, कारण पुढच्या काळात विराटवर मोजकीच विमानं उरली. एकूण घेतलेल्या सुमारे ३० पैकी निम्म्याहून जास्त अपघातांत गेली होती, वैमानिकही गेले. तरी दोष त्या नकाराला देणं बरोबर नाही. खरी चूक जहाजाची होती. रशियाशी २००४ मध्ये करार झालेली विमानवाहू विक्रमादित्य २००८ ला मिळायची होती, ती आली नोव्हेंबर २०१३ मध्ये. तिच्यासाठीची पहिली मिग-२९के विमानं मात्र २००९ च्या अखेरीस गोव्यात येऊन बसली होती. जहाज वेळेवर आलं असतं तर त्या ८ विमानांची आठवणही कुणी काढली नसती.

मे २०१६ मध्ये सी हॅरियर निवृत्त झालं, २०१७ मध्ये विराट. त्या जहाजाचं सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करायला राज्य मंत्रिमंडळाने २०१८ मध्ये ८५२ कोटींची मंजुरी दिली. शेवटी ते गुजरातेत अलंगला भंगारात गेलं. सी हॅरियर बघायचंच असेल तर वास्कोजवळच्या नौदलाच्या विमान संग्रहालयात ठेवलेलं आहे, गोव्याच्या सहलीत पाहता येतं.

आता विमानं पुन्हा तारेत अडकून थांबतात, सी हॉकसारखी. कॅटापल्ट मात्र परतला नाही. विक्रमादित्य आणि २०२२ ची नवी विक्रांत, दोन्हींवर चढच आहे. राफेल-एम फ्रान्सच्या जहाजावरून कॅटापल्टनेच उडतं, म्हणून जानेवारी २०२२ मध्ये गोव्यात किनाऱ्यावर बांधलेल्या तशाच चढावरून ते उडवून पाहिलं गेलं. करारातली २२ विमानं जहाजावर जातील. उरलेली ४ दोन आसनी आहेत, ती जमिनीवरूनच उडणार.