कुडाळ विधानसभा मतदारसंघ

कुडाळ विधानसभा मतदारसंघ : महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ मतदारसंघांपैकी २६९ क्रमांकाचा, सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मतदारसंघ. मालवण हा किनारपट्टीचा तालुका आणि त्याला लागून पूर्वेस असलेला कुडाळ तालुका मिळून तो बनतो. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत तो अस्तित्वात आला. त्याआधीच्या मालवण विधानसभा मतदारसंघाचा तो राजकीय वारसदार समजला जातो. रत्नागिरी-सिंधुदुर्ग या लोकसभा मतदारसंघात त्याचा समावेश होतो. जिल्ह्याचे मुख्यालय ओरोस कुडाळ तालुक्यातच आहे. मालवण व कुडाळ ही दोन शहरे सोडली, तर मतदार मुख्यत्वे वाड्या-वस्त्यांत विखुरलेला आहे. भातशेती, आंबा-काजूच्या बागा, मासेमारी, अलीकडे पर्यटन आणि मुंबईहून येणारा पैसा यांवर येथील संसार चालतो.

पूर्वपीठिका : मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कोठून सुरू झाला असे मानावे, याविषयी एकवाक्यता नाही. काही लेखक १९३७ ची मुंबई प्रांतिक विधानसभेची निवडणूक हा आरंभ धरतात, तर काही १९५२ ची. मतभेदाचे मूळ भूगोलात आहे. मालवण तालुका ब्रिटिश अमलाखालील रत्नागिरी जिल्ह्यात होता. कुडाळ हा सावंतवाडी संस्थानाचा भाग होता. १९३७ व १९४६ या दोन्ही प्रांतिक निवडणुकांत मालवणच्या पात्र मतदारांनी मत दिले. पलीकडच्या कुडाळच्या रयतेला त्या विधिमंडळाशी काही देणेघेणे नव्हते. १९४८ मध्ये संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि कुडाळ रत्नागिरी जिल्ह्यात आले. म्हणून मालवणपुरता १९३७ चा आणि संपूर्ण प्रदेशापुरता १९५२ चा आरंभ मानणे अधिक सयुक्तिक वाटते. दोन्ही तालुक्यांतील मतदारांनी एकाच विधानसभेसाठी मत दिले, ते १९५२ मध्येच प्रथम.

१९३७ च्या निवडणुकीची पद्धत आज अपरिचित झाली असल्याने थोडी सविस्तर सांगणे आवश्यक आहे. १९३५ च्या कायद्याने मुंबई प्रांताच्या विधानसभेत १७५ जागा ठरवल्या होत्या. त्यांपैकी ११४ सर्वसाधारण होत्या. पुणे करारानुसार या सर्वसाधारण जागांतील १५ अनुसूचित जातींसाठी राखीव होत्या आणि मराठा समाजासाठी ७ जागा वेगळ्या राखल्या होत्या. ग्रामीण भागात एकाच मतदारसंघातून एकाहून अधिक सदस्य निवडण्याची पद्धत प्रचलित होती. रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे भाग पाडले होते आणि मालवण दक्षिण भागात येत होते. जितक्या जागा तितकी मते प्रत्येक मतदाराला असत. ती निरनिराळ्या उमेदवारांना वाटण्याची किंवा सगळी एकाच्याच पारड्यात टाकण्याची मुभा होती. या संचयी मतदानाचा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आग्रह धरला होता. त्यामागचे कारण व्यवहाराचे होते. अल्पसंख्य गटाने मते विखरू न देता एकवटली, तर त्याचा माणूस निवडून येऊ शकतो. मताचा अधिकार मात्र शेतसारा, कर, शिक्षण अशा अटींनी बांधलेला होता. कुळे, मजूर आणि बहुसंख्य स्त्रिया यादीबाहेरच राहिल्या.

या निवडणुकीत आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने प्रांतात १७ उमेदवार उभे केले आणि त्यांतील १४ निवडून आले, असे सामान्यतः दिले जाते. काही ठिकाणी विजयी सदस्यांचा आकडा थोडा वेगळा आढळतो. रत्नागिरी जिल्ह्यातून या पक्षातर्फे शामराव परुळेकर विधानसभेत गेले. कोकणातील खोत (गावचा सारा वसूल करणारे वतनदार) आणि कुळे यांचा झगडा याच सभागृहात पोहोचला. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती पद्धत रद्द करण्याचे विधेयक मांडले. ते त्या वेळी मंजूर झाले नाही. खोती नष्ट करणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ मध्ये केला. १९५२ मध्ये प्रौढ मताधिकाराने यादीत आलेल्या कुळाला दोन गोष्टी जवळजवळ एकाच सुमारास मिळाल्या : मत, आणि खोताच्या दारातून सुटका. दक्षिण कोकणात पुढे समाजवाद्यांना जे ऐकणारे भेटले, त्याचे एक कारण येथे शोधावे लागते.

समाजवादी प्रभावाचा काळ : १९५२ ते १९८५ या काळात विधानसभेच्या पातळीवर काँग्रेस व समाजवादी प्रवाहातील पक्ष यांच्यात स्पर्धा राहिली. या काळाचा कल विधानसभेपेक्षा, हा प्रदेश ज्यात येत होता त्या लोकसभेच्या राजापूर मतदारसंघात अधिक स्वच्छ दिसतो. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या ऐन भरात, १९५७ मध्ये, वेंगुर्ल्यात जन्मलेले प्रजा समाजवादी पक्षाचे नाथ पै तेथून निवडून आले. १९६२ व १९६७ मध्येही ते विजयी झाले. जानेवारी १९७१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मधु दंडवते आले आणि १९८९ पर्यंत सलग पाच वेळा निवडून येत राहिले. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसला देशभर अभूतपूर्व यश मिळाले, तेव्हाही राजापूरने दंडवत्यांना सोडले नाही. ते जन्माने अहमदनगरचे होते, हे ध्यानात घेतले म्हणजे येथील मतदार जात-गोत पाहून मत देतो हे सरसकट विधान टिकत नाही. १९९१ मध्ये काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले आणि ही परंपरा तुटली. १९९६ पासून शिवसेनेचे सुरेश प्रभू निवडून येऊ लागले.

चाकरमानी : या प्रदेशाच्या निवडणुकांत जे मतदार गावात राहत नाहीत त्यांचा वाटा मोठा आहे. घरटी एक तरी माणूस मुंबईत, गिरणीत नाहीतर गोदीत, आणि गावच्या घरी म्हातारी माणसे व बायका, ही रचना शंभर वर्षांहून जुनी. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ स्त्रिया होत्या, हे याच स्थलांतराचे चिन्ह. मतदानाच्या आदल्या रात्री लालबाग, परळ, भांडुप, डोंबिवली येथून गाड्या सुटतात. पहाटे वाडीच्या तिठ्यावर उतरलेला चाकरमानी आंघोळ उरकून, ग्रामदेवतेला नारळ ठेवून, शाळेतल्या केंद्रावर उभा राहतो आणि बहुधा त्याच रात्री परत निघतो. गावातल्या मंडळाची मुंबईतली शाखा ज्या पक्षाकडे झुकेल, तिकडे वाडी झुकते, असा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

शिवसेना येथे कशी रुजली, याची तीन कारणे सांगितली जातात : १९८२ च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेली चाकरमान्यांची कुटुंबे, १९८९ ची भाजपशी युती, आणि स्थानिक नेतृत्व. तिसऱ्या कारणावर बहुतेक लेखक भर देतात. तथापि नेतृत्व उभे राहिले तेच मुंबईतल्या शाखांच्या जाळ्यातून. गावी आलेली शिवसेना ही चाकरमान्यांच्या वाटेनेच आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

मालवण मतदारसंघ, १९९०–२००५ : मुंबई महापालिकेत चेंबूरचे नगरसेवक राहिलेले शिवसेनेचे नारायण राणे १९९० मध्ये मालवणमधून विधानसभेवर निवडून आले. १९९५, १९९९ व २००४ मध्येही त्यांनीच जागा राखली. फेब्रुवारी ते ऑक्टोबर १९९९ या काळात ते मुख्यमंत्री होते. त्यानंतर २००५ पर्यंत विरोधी पक्षनेते होते. मुख्यमंत्रिपद लाभलेला हा किनाऱ्यावरचा मतदारसंघ रस्ते, साकव, पाणीयोजना यांच्या बाबतीत शेजारच्या तालुक्यांच्या पुढे गेला, असे त्यांचे समर्थक सांगतात.

जुलै २००५ मध्ये शिवसेनेने राणे यांना पक्षातून काढले. त्याच महिन्यात ते काँग्रेसमध्ये गेले आणि पुढे मंत्री झाले. आमदारकीचा राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे जाणे त्यांना कायद्यानेही सोयीचे होते. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी कायद्यातील, एक-तृतीयांश सदस्यांच्या फुटीला असलेले संरक्षण काढून टाकले होते. एकट्याने पक्ष बदलणाऱ्या सदस्याला अपात्रता चुकवायची, तर राजीनाम्यावाचून वाट नव्हती. नोव्हेंबर २००५ च्या पोटनिवडणुकीत राणे ६३ हजारांहून अधिक मतांनी विजयी झाले. शिवसेनेचे परशुराम उपरकर यांची अनामत रक्कम जप्त झाली. वैध मतांच्या एक-षष्ठांश मते मिळाली नाहीत की अनामत जाते. ज्या मतदारसंघात पक्ष चार सार्वत्रिक निवडणुका सलग जिंकला, तेथे त्याला हा टप्पा गाठता आला नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस राज ठाकरे यांनी शिवसेनेतील पदांचा राजीनामा दिला, म्हणून दोन घटना एकत्र सांगण्याची प्रथा पडली आहे. त्यांत कार्यकारणसंबंध जोडण्याइतका पुरावा नाही.

पुनर्रचना आणि मालवण नावाचा लोप : २००२ च्या कायद्यान्वये न्या. कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ ची जनगणना आधार धरून सीमा नव्याने आखल्या. राज्याच्या एकूण जागा २८८ च राहिल्या आणि त्या जिल्ह्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटल्या गेल्या. राज्याची लोकसंख्या त्या वेळी ९,६८,७८,६२७ होती, म्हणजे एका जागेमागे सरासरी सुमारे ३ लाख ३६ हजार. सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. भागाकार २.५८ येतो, आणि जिल्ह्याच्या वाट्याला ३ जागा आल्या. आठ तालुके तीन मतदारसंघांत बसवायचे ठरले : देवगड, वैभववाडी व कणकवली मिळून कणकवली, मालवण व कुडाळ मिळून कुडाळ, सावंतवाडी, वेंगुर्ले व दोडामार्ग मिळून सावंतवाडी. तालुका न फोडता केलेली ही आखणी नकाशावर नीटनेटकी आहे. पण मालवण, वेंगुर्ले आणि देवगड ही बंदरांची तिन्ही नावे विधानसभेच्या यादीतून गेली आणि आता यादीत असलेली तिन्ही नावे महामार्गाच्या बाजूची. लोकसभेच्या यादीतून राजापूरही गेले. माणसे मुंबई-ठाण्यात मोजली गेली, म्हणून जागाही तिकडेच गेल्या. कोकणच्या राजकीय घसरणीची पुष्कळ कारणे दिली जातात, पण या साध्या हिशेबाकडे व्हायला हवे तितके लक्ष दिले गेलेले नाही. सीमा वेगळ्या असल्याने २००४ पर्यंतचे मालवणचे आकडे आणि २००९ नंतरचे कुडाळचे आकडे यांची थेट तुलना करू नये.

२००९ नंतर : नव्या मतदारसंघाच्या पहिल्या निवडणुकीत काँग्रेसचे राणे यांनी शिवसेनेचे वैभव नाईक यांचा सुमारे २४ हजार मतांनी पराभव केला. २०१४ मध्ये सर्व प्रमुख पक्ष स्वतंत्र लढले आणि नाईक १० हजारांहून अधिक मतांनी जिंकले. राणे यांचा या प्रदेशातील विधानसभा निवडणुकीतील हा पहिला पराभव. तो मोदी लाटेने झाला, असे वरवर म्हटले जाते. प्रत्यक्षात लाटेचा लाभ भाजपला व्हायला हवा होता, आणि येथे जिंकली ती शिवसेना. किनाऱ्यावरील असंतोषाला अधिक वजन द्यावे लागते.

हा असंतोष समजण्यासाठी रापण पाहावी लागते. होडीतून समुद्रात अर्धवर्तुळ टाकलेले लांबलचक जाळे दोन्ही टोकांनी किनाऱ्यावरून ओढायचे, आणि आलेली मासळी ओढणाऱ्या प्रत्येकाच्या वाट्याप्रमाणे विभागायची, अशी ही सामूहिक मासेमारी. वायरी, तारकर्ली, देवबाग, तळाशील, आचरा येथील कुटुंबे तिच्यावर जगत आली. पर्ससीन जाळ्यांच्या (माशांच्या थव्याला वेढून तळाशी आवळल्या जाणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या) यांत्रिक नौका किनाऱ्याजवळचे थवेच्या थवे उचलू लागल्या, तेव्हा रापणीला कचरा येऊ लागला. पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनधारक यांच्यातील वाद समुद्रात हाणामारीपर्यंत गेला. फेब्रुवारी २०१६ मध्ये राज्य शासनाने पर्ससीनवर निर्बंध घालणारा आदेश काढला, पण एलईडी दिव्यांच्या मासेमारीचे गाऱ्हाणे मागे राहिलेच. याशिवाय १९८७ मध्ये घोषित झालेले मालवण सागरी अभयारण्य, किनारा नियमन क्षेत्राची बंधने, आणि तोंडवळी-वायंगणी येथील सी-वर्ल्ड या पर्यटन प्रकल्पाची जमीन हे विषय प्रत्येक प्रचारात निघतात. देवबागची गोष्ट वेगळीच आहे. कर्ली खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे, आणि तेथे उमेदवाराला पहिला प्रश्न धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा विचारला जातो. कुडाळ तालुक्यात भाताचा भाव, काजू, हत्ती-माकडांचा उपद्रव आणि औद्योगिक वसाहतीतील रोजगार यांची चर्चा अधिक होते. एकाच उमेदवाराला एका दिवसात दोन निराळी भाषणे करावी लागतात.

प्रचारातील एक स्थानिक रीत नोंदवण्यासारखी आहे. मसुरे गावातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेला सर्व पक्षांचे नेते येतात. जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, ग्रामस्थ देवीचा कौल घेऊन ती ठरवतात. मुंबईहून लाखोंनी येणाऱ्या भाविकांमुळे ही जत्रा चाकरमान्यांना भेटण्याचे ठिकाण बनली आहे.

२०१९ मध्ये नाईक यांनी राणे समर्थक अपक्ष रणजित देसाई यांना सुमारे १४ हजार मतांनी हरवले. शिवसेनेच्या २०२२ च्या फुटीत नाईक उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळा, उभारल्यापासून नऊ महिन्यांच्या आत, कोसळला आणि राज्यभर संताप उसळला. त्याचा थेट परिणाम नोव्हेंबरच्या निकालात दिसेल असा अंदाज होता. तसे झाले नाही. एकनाथ शिंदे यांच्या शिवसेनेचे उमेदवार, नारायण राणे यांचे पुत्र नीलेश राणे यांनी नाईक यांचा सुमारे ८ हजार मतांनी पराभव केला. त्याआधी जूनमध्ये नारायण राणे भाजपतर्फे लोकसभेवर गेले होते. नीलेश यांचे धाकटे बंधू नितेश राणे कणकवलीतून तिसऱ्यांदा विजयी झाले. अशा रीतीने जिल्ह्यातील तीनपैकी दोन विधानसभा जागा एका कुटुंबाकडे आल्या.

सिंधुदुर्गची लोकसंख्या २०११ मध्ये ८,४९,६५१ पर्यंत उतरली. विधानसभेच्या जागांचे पुनर्वाटप घटनेनुसार २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत गोठवलेले आहे. ते खुले झाल्यावर जिल्ह्याच्या तीन जागा टिकतील की नाही हा प्रश्न उभा राहील. २०२३ च्या १०६ व्या घटनादुरुस्तीतील महिलांसाठीचे एक-तृतीयांश आरक्षणही त्याच पुनर्रचनेशी जोडलेले आहे.