वहीतली मात्रा आणि ठेक्यातली मात्रा

गीत लिहायला लागलेले बरेच जण बोटांवर मात्रा मोजतात, १६ भरल्या की निर्धास्त होतात, आणि चाल लावायला घेतली की ओळ अडखळते. मग दोष चालीला जातो. खरा घोटाळा बहुतेक वेळा एका शब्दाचा असतो. ‘मात्रा’ वृत्तातही आहे आणि तालातही, पण दोन्हीकडे ती वेगळी गोष्ट मोजते.

वृत्तातली मात्रा म्हणजे अक्षराचं वजन. ऱ्हस्व अक्षर लघू, त्याची १ मात्रा. दीर्घ अक्षर गुरू, त्याच्या २. ऱ्हस्व अक्षरावर अनुस्वाराचा ठसठशीत उच्चार असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल, तर तेही गुरू. ओळ संथ म्हणा की भरभर, हे वजन बदलत नाही. तालातली मात्रा मात्र काळाचं माप आहे. प्रत्येक ताल म्हणजे ठरावीक मात्रांची फेरी, तिला आवर्तन म्हणतात: दादऱ्यात ६, रूपकात ७, केरव्यात ८, झपतालात १०. गाणारा गप्प बसला तरी ती चालूच राहते.

एक साधी ओळ घेऊ: ‘रात्र सरेना, वाट दिसेना’. रा २, त्र १, स १, रे २, ना २. अर्ध्या ओळीत ८, पूर्ण ओळीत १६. केरव्यात एका लघूला तालाची एक मात्रा दिली, की अर्धी ओळ एका आवर्तनात चपखल बसते. ‘रा’ समेवर म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, ‘रे’ पाचव्या मात्रेवर म्हणजे खालीवर, जिथे ठेका हलका होतो, आणि ‘ना’ शेवटच्या दोन मात्रांत उरकतो.

आता हीच ओळ दादऱ्यात टाका. ‘रात्र’च्या ३, ‘सरे’च्या ३, आवर्तन संपलं. ‘ना’ पुढच्या समेवर येतो आणि त्याच्यापुढे अख्खं आवर्तन मोकळं आहे. तीन मात्रा लांबवा, तीन मात्रा श्वास घ्या. वहीतल्या ८ मात्रांनी तालातल्या १२ व्यापल्या, एकही अक्षर बदललं नाही. पण केरव्यात ती रात्रीची ओळ होती, दादऱ्यात ती नकाराची झाली. सरत नाही, हे दुःख आता समेवर उभं आहे. म्हणून ओळ लिहून झाली की मी आधी आकडा बघत नाही. सम कुठल्या अक्षरावर पडते ते बघतो. ती ‘मध्ये’, ‘साठी’, ‘आणि’ अशा शब्दांवर पडत असेल तर शब्दक्रम फिरवतो. मराठी वाक्य त्या बाबतीत फार उदार आहे.

आकडे जुळलेच पाहिजेत असं नाही, याचा जुना दाखला अभंगाचा. मोठ्या अभंगाच्या चार चरणांत ६-६-६-४ अशी नुसती अक्षरं मोजतात, लघू-गुरू बघत नाहीत. तरी तो आठ मात्रांच्या भजनी ठेक्यात पिढ्यान्‌पिढ्या गायला जातो, कारण उरलेला काळ गाणारा स्वर लांबवून भरतो.

इथे आणखी एक फसगत होते. ‘वाट’मधला ‘ट’ वृत्तात पूर्ण एक मात्रा घेतो, पण बोलताना आपण त्यातला ‘अ’ जवळजवळ गिळतो. चालीत नेमकी तिथे लांब जागा आली तर ‘वाटऽऽ’ असं ओढावं लागतं आणि शब्द परका वाटतो. त्यापेक्षा ‘वा’ लांबवावा आणि ‘ट’ शेवटी अलगद टेकवावा. लांब ठहरावाच्या जागी आ, ए, ओ असे मोकळे स्वर ठेवले तर गळा आपोआप उघडतो.

मग वृत्त कशाला सांभाळायचं? दुसऱ्या अंतऱ्यासाठी. पहिल्या अंतऱ्यावर चाल बसली की तिच्या जागा ठरून जातात. दुसऱ्यात एकूण मात्रा तेवढ्याच असूनही गुरूच्या जागी दोन लघू आले, की लांब स्वराच्या जागी दोन तुटक अक्षरं कोंबली जातात. ‘वाट दिसेना’च्या जोडीला ‘दीप विझेना’ सहज बसेल: पाच अक्षरं, तोच लघू-गुरू क्रम, शेवटी तोच मोकळा ‘ना’. ‘नजर हरवली’च्याही मात्रा ८च भरतात, पण दादऱ्यात ‘वा’च्या जागी ‘नज’ आणि ‘से’च्या जागी ‘रव’ अशी तुटक अक्षरं येतात आणि समेवर नुसतं ‘ली’ उरतं.