३८ एटीपी : एका आकड्याची पार्श्वभूमी

ग्लुकोजच्या एका रेणूच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून ३८ एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू) मिळतात, हे अकरावी-बारावीला पाठ केलेले विधान अनेकांच्या डोक्यात पुढेही पक्के बसलेले असते. जीवरसायनशास्त्राच्या अलीकडच्या ग्रंथांत मात्र ३० ते ३२ हा आकडा दिसतो. मोजमापाची साधने सुधारली म्हणून आकडा बदलला, असे सांगितले जाते. पण ते अर्धेच खरे आहे. ३८ हा आकडा ज्या कल्पनेच्या आधारावर उभा होता ती कल्पनाच १९७०च्या दशकात मोडीत निघाली आणि आकडा तेवढा मागे उरला.

त्याआधीचा इतिहास इथे थोडक्यात पुरेल. १७८०च्या दशकात पॅरिसमध्ये बर्फाने वेढलेल्या पात्रात गिनीपिग ठेवून, वितळलेल्या बर्फावरून श्वसन हे मंद ज्वलन असल्याचे मांडले गेले. १८९७ मध्ये यीस्टच्या पेशी चिरडून काढलेल्या रसातही साखर आंबते, हे सिद्ध झाले. स्नायूंतील एटीपीचा शोध १९२९ मध्ये जर्मनीत आणि अमेरिकेत स्वतंत्रपणे लागला. अमेरिकेतील दोन संशोधकांपैकी एक आंध्रातील भीमावरमचा होता. सायट्रिक आम्लाचे चक्र १९३७ मध्ये कबुतराच्या छातीच्या स्नायूवरील प्रयोगांतून उलगडले.

१९२५ मधले एक निरीक्षण मात्र थांबून पाहण्याजोगे आहे. यीस्टचे दाट मिश्रण वर्णपटदर्शकातून पाहिले असता चार काळसर पट्टे दिसत. मिश्रण हवेबरोबर घुसळले की पट्टे नाहीसे होत आणि स्थिर ठेवले की, पेशींनी विरघळलेला ऑक्सिजन संपवताच, ते परत उमटत. जिवंत पेशीत इलेक्ट्रॉन एका रंगद्रव्याकडून दुसऱ्याकडे सरकत अखेर ऑक्सिजनपर्यंत पोहोचतात, हे त्यातून जवळजवळ डोळ्यांनी पाहता आले. प्रश्न उरला तो असा की, या सरकण्यातून सुटणारी ऊर्जा एटीपीत जाते कशी?

१९३९ ते १९४३ या काळात ऑक्सिजनच्या एका अणूमागे किती फॉस्फेट बांधले जाते याची मोजणी झाली आणि उत्तर आधी दोन, मग तीन असे आले. मोजलेली मूल्ये पुष्कळदा दोन आणि तीनच्या मधली असत. काही एटीपी वाया गेले असणार असे धरून ती तीनकडे नेली जात. पूर्णांकाचा हा आग्रह अकारण नव्हता. इलेक्ट्रॉनांच्या प्रवासात ठरावीक टप्प्यांवर ऊर्जेने भारलेले एखादे संयुग तयार होते आणि तेच फॉस्फेट जोडून देते, अशी तेव्हाची समजूत होती व १९५३ मध्ये ती रीतसर मांडली गेली. रासायनिक अभिक्रियेत अडीच रेणू तयार होत नाहीत, म्हणून उत्तर तीनच हवे होते. ते संयुग शोधण्यात अनेक प्रयोगशाळांची वर्षे खर्ची पडली. सापडल्याचे दावे झाले, पण एकही टिकला नाही.

१९६१ मध्ये एडिनबरा येथील एका जीवरसायनशास्त्रज्ञाने असे संयुग नसतेच, असे सुचवले. त्याच्या मते इलेक्ट्रॉन सरकताना तंतुकणिकेच्या (पेशीतील ऊर्जानिर्मितीच्या कप्प्याच्या, म्हणजे मायटोकॉन्ड्रियाच्या) आतल्या पटलापलीकडे प्रोटॉन ढकलले जातात आणि ते परत येताना एटीपी तयार होते. प्रस्थापितांनी ही मांडणी बराच काळ मनावर घेतली नाही. प्रकृतीच्या कारणाने विद्यापीठ सोडून कॉर्नवॉलमधल्या डागडुजी केलेल्या वाड्यात थाटलेल्या प्रयोगशाळेतून त्याने आपली मांडणी १९६६ आणि १९६८ मध्ये स्वतःच छापून वाटली. एकट्या बंडखोराची ही कथा सांगायला सोयीची असली, तरी निर्णायक पुरावे इतरांच्या हातून आले, हे त्यात झाकले जाते. हरितलवकांतील पटले काळोखात सामू ४ असलेल्या आम्लात भिजवून लगेच सामू ८च्या द्रावणात टाकली असता, प्रकाश नसतानाही, केवळ पटलाच्या दोन बाजूंच्या प्रोटॉनांच्या फरकावर, एटीपी तयार झाले, हे १९६६ मध्ये अमेरिकेत दिसले. १९७४ मध्ये तर मिठागरातल्या सूक्ष्मजीवाचे प्रकाशावर चालणारे प्रोटॉन-प्रथिन आणि गुरांच्या हृदयातले एटीपी बनवणारे विकर (एन्झाइम) सोयाबीनच्या मेदापासून केलेल्या पुटिकांत (सूक्ष्म पिशव्यांत) एकत्र बसवले गेले. या दोन प्रथिनांत प्रोटॉनखेरीज दुसरा दुवा असण्याचा संभव नव्हता, तरीही उजेड पडताच एटीपी तयार झाले. १९७७ मध्ये वादातल्या प्रमुख पक्षांनी एकत्र आढावा प्रसिद्ध केला आणि पुढच्याच वर्षी प्रोटॉनांची कल्पना मांडणाऱ्या त्या शास्त्रज्ञाला नोबेल पारितोषिक जाहीर झाले.

विजेत्याचे सगळेच बरोबर होते असे नाही. इलेक्ट्रॉन ऑक्सिजनपर्यंत नेणाऱ्या साखळीच्या शेवटचे विकर स्वतः प्रोटॉन ढकलते, हा फिनलंडमधल्या प्रयोगशाळेचा १९७७चा निष्कर्ष त्याने कित्येक वर्षे नाकारला आणि १९८०च्या दशकाच्या मध्यावर मान्य केला.

प्रोटॉनांचा साठा सामाईक आहे म्हटल्यावर पूर्णांकाची सक्ती संपली. ग्लुकोजमधून निघालेले इलेक्ट्रॉन या साखळीपर्यंत एनएडीएच आणि एफएडीएच२ हे वाहक रेणू आणतात. एका एनएडीएचमागे सुमारे १० प्रोटॉन पलीकडे जातात, तर एक एटीपी तयार करून तंतुकणिकेबाहेर पोहोचवायला सुमारे ४ लागतात. म्हणजे ३ऐवजी २.५, आणि एफएडीएच२साठी २ऐवजी १.५. जुना हिशेब १० एनएडीएच गुणिले ३, २ एफएडीएच२ गुणिले २ आणि या साखळीशिवाय थेट मिळणारे ४, असा ३८ होता. नवा २५, ३ आणि ४ मिळून ३२ होतो. पेशीद्रवातील एनएडीएचचे इलेक्ट्रॉन कोणत्या मार्गाने आत नेले जातात यावर तो ३०पर्यंत उतरतो. पटलातून थोडे प्रोटॉन एटीपी न बनवताच गळतात, ते यात धरलेले नाहीत.

एटीपी बनवणारे विकर प्रत्यक्ष फिरते, हे १९९७ मध्ये त्याला चमकणारा तंतू चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले गेले. एका फेऱ्यात ३ एटीपी तयार होतात, मात्र फेऱ्यासाठी लागणारे प्रोटॉन त्याच्या फिरणाऱ्या कड्यातील घटकांच्या संख्येवर अवलंबून असतात. यीस्टमध्ये हे घटक १० आहेत, गाईच्या तंतुकणिकेत ८. त्यामुळे एकाच ग्लुकोजचा हिशेब दोन्ही ठिकाणी सारखा येत नाही.